मनातल्या मनात ओरडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी पाळण्याविषयी बोलणार आहे. बाळाच्या नव्हे, जत्रेतल्या, उरुसातल्या आणि ज्याला आपण आता थीम पार्क म्हणतो तिथल्या उंच पाळण्याविषयी. कोरोनाच्या आठवणीत हा पाळणा कुठून आला, असं कुणी विचारील. पण २०२० ते २०२२ या काळाकडे मागे वळून पाहताना मला तो पुन्हा पुन्हा दिसतो. दवाखाना, रेशनचं दुकान, बँक या ठिकाणी जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाळण्यात बसलं नाही म्हणून कुणाचं अडत नाही. मग ज्यावाचून अडत नाही त्यासाठी, साथ सुरू असताना, घराबाहेर पडावं का? आणि पडलो, तर शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी माणसाचं आपण काय देणं लागतो? नेहमीचं आयुष्य पुन्हा सुरू करायचं म्हणजे याच दोन प्रश्नांना सामोरं जायचं होतं.

जपानमधली एक गोष्ट सांगतो. फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजी-क्यू हायलँड नावाचं एक मोठं उद्यान आहे. तिथे फुजियामा नावाचा रोलर कोस्टर आहे. १९९६ साली तो सुरू झाला तेव्हा जगातला सर्वांत उंच होता, ७९ मीटर. म्हणजे पंचवीस-सव्वीस मजल्यांची इमारत. इतक्या उंचीवरून गाडी खाली झेपावते तेव्हा माणूस काय करील? ओरडणारच. पण २०२० च्या मध्याला जपानमधली उद्यानं पुन्हा उघडू लागली, तेव्हा तिथल्या उद्यानांच्या संघटनांनी नियम घालून दिले. मास्क लावा, अंतर ठेवा आणि गाडीत बसल्यावर ओरडू नका. कारण साधं होतं. माणूस मोठ्यानं ओरडतो तेव्हा त्याच्या तोंडातून उडणारे बारीक तुषार वाढतात आणि त्यांच्याबरोबर विषाणूही पसरतो.

लोक म्हणाले, हे कसं जमायचं? तेव्हा त्या उद्यानाचे दोन वरिष्ठ अधिकारी मास्क लावून स्वतः गाडीत बसले. गाडी चढली, पडली, वळली. दोघांच्या तोंडून आवाज नाही, चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्याचं चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं. शेवटी पडद्यावर एक विनंती उमटली. मराठीत सांगायचं तर : कृपया मनातल्या मनात ओरडा.

ते पाहून मीही खूप हसलो. मग वाटलं, त्या वर्षी आपण सगळे दुसरं काय करत होतो? अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसं नकोत असा नियम होता. मुलगा परगावी, बाप इथे दफन होतोय आणि मुलगा मोबाइलच्या पडद्यावर पाहतोय, हे माझ्या मोहल्ल्यात घडलं. तुमच्याही आळीत घडलं असेल. हंबरडासुद्धा मनातल्या मनातच फोडायचा होता.

त्या वर्षीच्या तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या की मन चक्रावतं. २०२० साली गुढीपाडवा होता २५ मार्चला आणि देशातली टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. आषाढी एकादशी होती १ जुलैला. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका त्या वर्षी एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. ज्या वाटेनं लाखो पावलं चालतात ती वाट रिकामी राहिली. नेमक्या त्याच १ जुलैला तिकडे टोकियोचं डिस्नेलँड चार महिन्यांनी उघडलं. त्याच महिन्याच्या अखेरीस मक्केत हज झाला तो सौदी अरेबियात राहणाऱ्या मोजक्या लोकांपुरता. कुणी म्हणेल, वारी आणि हज कुठे, मिकी माऊस कुठे! बरोबर आहे. पण तिन्ही ठिकाणी माणसं माणसांत मिसळायला जातात आणि तिन्ही ठिकाणचा पेच एकच होता.

त्या पेचातून वाट काढण्याची प्रत्येकाची रीत वेगळी होती. शांघायचं डिस्नेलँड जानेवारी २०२० मध्ये बंद झालं, ते ११ मे रोजी उघडलं. एरवी ऐंशी हजार माणसं मावतात तिथे, सरकारी नियमानुसार, चोवीस हजारांपेक्षा जास्त घ्यायची नव्हती. अमेरिकेत फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड ११ जुलैला उघडलं. दुसऱ्याच दिवशी त्या राज्यानं १५,२९९ नवे रुग्ण जाहीर केले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा एका दिवसाचा तोवरचा तो सर्वांत मोठा आकडा होता. उद्यानात नियम कडक होते. मास्क सक्तीचा, मिरवणुका आणि आतषबाजी बंद. मिकी माऊस लांबूनच हात हलवायचा, मुलांना जवळ घ्यायची त्याला मनाई होती. तरी प्रश्न उरतोच. बाहेर साथ अशी भडकलेली असताना आत कितीही काळजी घेतली, तरी लांबच्या गावांहून निघालेला माणूस वाटेत किती जणांना भेटून येतो?

कॅलिफोर्नियात याच कंपनीचं जुनं डिस्नेलँड मात्र एप्रिल २०२१ अखेरपर्यंत, म्हणजे वर्षाहून अधिक काळ, बंद राहिलं. पण त्याची मोटारी लावायची जागा जानेवारी २०२१ मध्ये लसीकरणाचं केंद्र झाली. जिथे बापाचा हात धरून मुलं उतरायची तिथे म्हातारी माणसं लशीच्या रांगेत उभी राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये याच उद्यानातून गोवराची साथ पसरली होती आणि त्यानंतर त्या राज्यानं शाळेतल्या मुलांच्या लसीकरणाचा कायदा कडक केला होता. माणसं एकत्र येतात तिथे हर्षही पसरतो आणि रोगही पसरतो. जत्रेत पटकी पसरते, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं.

बंद ठेवण्याची किंमत कुणी मोजली, तेही पाहिलं पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये डिस्नेनं अमेरिकेतल्या अठ्ठावीस हजार कामगारांना कमी करण्याचं जाहीर केलं. त्यांतले बहुतेक अर्धवेळ काम करणारे होते. निदान त्यांची मोजदाद झाली, बातमी झाली. आपल्याकडच्या जत्रांवर जगणाऱ्यांची बातमी कोण करणार? चैत्र-वैशाख हा गावोगावच्या यात्रांचा हंगाम. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी येऊन सुपाऱ्या देतात. २०२० मध्ये पाडव्यालाच कुलूप पडलं आणि तो हंगाम गेला. २०२१ मध्ये दुसरी लाट नेमकी त्याच दिवसांत आली आणि तोही गेला. तमाशातले कलावंत, पाळणेवाले, मौत का कुआँमध्ये मोटारसायकल फिरवणारी पोरं, शेव-चिरमुरे आणि बत्तासेवाले, सगळ्यांची दोन वर्षं मातीत गेली.

आमच्या भागातल्या उरुसात दरसाल पाळणा घेऊन येणारा एक गृहस्थ माझ्या परिचयाचा आहे. त्याच्याकडे दोन पाळणे होते, एक मोठा आणि एक लहान मुलांचा. लहान पाळणा त्यानं २०२१ च्या पावसाळ्यात भंगारात विकला. मुलाला भाजीचा गाडा लावून दिला. तो मला म्हणाला, "शायरसाहेब, किराणा चालू, दूध चालू, औषधं चालू. सरकारच्या कागदावर आम्ही बिनगरजेचे ठरलो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो फक्त सांगत होता.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट बिघडली होती. शेजारच्या माणसावरचा विश्वास. प्रत्येक जण दुसऱ्याकडे रोगाची पेटी म्हणून पाहू लागला. पुढे गर्दीलाही धर्म चिकटवला गेला. २०२० च्या एप्रिलमध्ये माझ्या ओळखीच्या एका फळवाल्याला नाव विचारून गल्लीच्या तोंडावरून परत पाठवलं. वीस वर्षं त्याच गल्लीत तो केळी विकत होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याची शक्यताही नोंदवली. न्यायालयानं आपलं काम केलं. गल्लीतला विश्वास परत आणणं हे न्यायालयाचं काम नसतं, ते गल्लीनंच करायचं असतं.

२०२१ च्या दिवाळीच्या सुटीत माझी मुलगी पुण्याहून माहेरी आली. राज्यातली उद्यानं नुकतीच पुन्हा उघडली होती. नातू सात वर्षांचा. त्याची पहिलीची शाळा मोबाइलमध्येच झाली होती. "नाना, आता तरी जाऊया ना?" हे त्याचं पालुपद. माझ्या पत्नीला मधुमेह आहे, त्यामुळे घरात दोन दिवस वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं : मोठ्यांच्या लशीचे दोन्ही डोस झालेत, सुटीच्या वाराला जायचं नाही, बंद खोलीतल्या खेळांना जायचं नाही, डबा घरचाच. तिनं झाडाखाली मोकळ्यावर बसायचं कबूल केलं.

तिथल्या छोट्या रोलर कोस्टरच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. आमची पाळी आली तेव्हा कामगार पोरानं औषधाच्या फडक्यानं दांडी पुसली. गाडीत नातू माझ्या डाव्या बाजूला होता आणि उजव्या बाजूला एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले. कपाळावर अष्टगंधाचा टिळा, मास्क हनुवटीवर. त्यांनी माझ्या पिकलेल्या दाढीकडे पाहिलं, मास्क नाकावर चढवला आणि हसल्यासारखी मान हलवली. मीही मान हलवली. गाडी सुटली. पहिल्याच उतारावर सगळे मास्कच्या आड ओरडले. नातू तर असा ओरडला, की दीड वर्षाचं साचलेलं सगळं त्यानं एका दमात बाहेर टाकलं असावं. खाली उतरल्यावर ते गृहस्थ त्याला म्हणाले, "काय पैलवान, पुन्हा बसायचं का?"

इतकंच झालं. पण घरी येताना माझ्या मनात ती नाकावर चढलेली पट्टी राहिली. त्या माणसाला नियम सांगायला तिथे कुणी उभं नव्हतं. शेजारी वयस्कर माणूस आहे, एवढं त्यानं पाहिलं. पत्नीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मग मीही बसले असते." साथीच्या काळात बाहेर पडण्याचा हक्क मला वाटतं या अशा पाहण्यातून मिळतो. मी तरुण आहे, मला काही होणार नाही, मग मी का घाबरू, हा हिशेब अपुरा आहे. माझ्या शेजारी कोण बसलंय, त्याच्या घरी कोण आहे, हाही त्यात धरावा लागतो. आणि उलट, घाबरून कायम दार लावून बसावं हेही खरं नाही. सात वर्षांच्या मुलाचं दीड वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा होतो. ते परत कुठून द्यायचं?

आयुष्य पूर्ववत झालं असं एका दिवशी कुणी जाहीर केलं म्हणून ते होत नाही. दोन महिन्यांतच, जानेवारी २०२२ मध्ये, नवी लाट आली आणि राज्यातली उद्यानं पुन्हा बंद झाली. मग राज्य सरकारनं सगळे निर्बंध उठवले ते २ एप्रिल २०२२ च्या पाडव्यापासून. एका पाडव्याला लागलेलं कुलूप तिसऱ्या पाडव्याला निघालं. त्याच संध्याकाळी रमजानचा चाँद दिसला आणि दुसऱ्या दिवशी पहिला रोजा होता. पाडव्याची श्रीखंडपुरी खाऊन रात्री सहरीची तयारी, असा तो दिवस आमच्या घरानं साजरा केला. जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी संपल्याचं सांगितलं ते आणखी वर्षभरानं, ५ मे २०२३ रोजी.

त्यानंतरच्या उरुसात पाळणेवाला मोठा पाळणा घेऊन आला. नवा रंग दिला होता. रांगेत चार-पाच वर्षांची कितीतरी मुलं होती, ज्यांनी जन्मात पाळणा पाहिला नव्हता. काही वर पाहूनच रडत होती. तो मला म्हणाला, "आता यांना विचारा शायरसाहेब, आम्ही गरजेचे का बिनगरजेचे."

साथी पुढेही येतील, जाणती माणसं तसं सांगतातच. तेव्हा पुन्हा कुलपं लागतील, कदाचित लावावीही लागतील. त्या यादीत दूध आणि औषध जरूर असावं. पण ज्यांचं पोट आपल्या आनंदावर चालतं, त्यांच्या चुलीची तरतूद त्याच कागदावर असावी, एवढंच मला सांगायचं आहे. आणि कुलूप निघेल तेव्हा पाळण्यात बसताना शेजारच्याकडे एकदा नीट पाहून घ्यावं. मग खुशाल मोठ्यानं ओरडावं.