संभाषणातील खरखर
(कोलकाता येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाच्या पडद्यावर दूरच्या माणसाशी समोरासमोर बोलणे आज घरोघरी रुळले आहे. परदेशी असलेला मुलगा आईशी बोलतो, डॉक्टर रुग्णाला सल्ला देतात. पण मध्येच कानात खरखर सुरू झाली, की चेहरा दिसत असूनही बोलणे हरवते. ही केवळ गैरसोय नव्हे. 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांचा ध्वनी क्षीण व उच्च कंपनांचा असल्यामुळे खरखरीत प्रथम तीच बुडतात; स्वर तग धरून राहतात. डॉक्टरांनी 'सहा थेंब' म्हणावे आणि ऐकणाऱ्याने 'दहा थेंब' समजावे, एवढा अनर्थ तीतून संभवतो.

खरखरीशी या शहराचा परिचय जुना आहे. २६ ऑगस्ट १९२७ रोजी येथे नभोवाणी केंद्र सुरू झाले. प्रत्येक वीज ही निसर्गाची एक प्रक्षेपकच असते. त्यामुळे कालबैशाखीचे वादळ दूर असतानाच त्याचा कडकडाट रेडिओत उमटतो. याच शहरातील विद्यापीठात शिशिरकुमार मित्र यांनी वातावरणाच्या वरच्या थरांचा व त्यांवरून परतणाऱ्या रेडिओलहरींचा अभ्यास उभा केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४७ साली एशियाटिक सोसायटीने प्रसिद्ध केला.

अमेरिकेत कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे दूरध्वनीसेवेला अडथळा आणणारी खरखर कोठून येते, हे शोधण्याचे काम होते. त्याने तिचे तीन प्रकार केले : जवळच्या वादळांची, दूरच्या वादळांची आणि एक मंद, अखंड सुस्कार. १९३३ साली त्याने दाखवून दिले, की तो सुस्कार आकाशगंगेकडून येतो. खरखरीवर नुसते चिडण्याऐवजी तिची वर्गवारी केली, म्हणूनच हा शोध लागला.

आपणही तेच करावयाचे आहे. आजच्या संभाषणात आवाजाचे रूपांतर आकड्यांत होते. हे आकडे वाटेत गहाळ होतील अथवा उशिरा पोहोचतील. पण रेडिओप्रमाणे त्यांत वाटेतली खरखर मिसळत नाही. म्हणून शब्द तुटत असतील किंवा आवाज यांत्रिक वाटत असेल, तर दोष बहुधा इंटरनेटच्या जोडणीत असतो. उलट सुस्कार किंवा घुमारा सतत चालू असेल, तर तो बहुधा कोणत्या तरी एका टोकाला, आवाजाचे आकडे होण्यापूर्वी किंवा आकड्यांचा पुन्हा आवाज झाल्यावर, शिरलेला असतो.

ते टोक कोणते, हे प्रथम ठरवावे. बोलणाऱ्यांनी पाळीपाळीने आपापला माइक बंद करावा. ज्याचा बंद होताच खरखर थांबते, त्याच्याकडे दोष आहे. सर्वांचे माइक बंद करूनही ती एकालाच ऐकू येत असेल, तर दोष त्याच्या ऐकण्याच्या साधनात आहे. आपल्या माइकची खरखर सहसा आपल्याला ऐकू येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार हलवताच कर्रकर्र होत असेल, तर खटका सैल आहे किंवा तार आतून तुटली आहे. चार्जर काढताच घुमारा थांबला, तर चार्जर अथवा घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. आपल्याकडील वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने तो घुमारा खर्जातला असतो. मात्र तो घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. सुस्कार येत असेल, तर माइकची संवेदनक्षमता कमी करून तो तोंडाजवळ आणावा. पंखा माइकसमोर असल्यास त्याची दिशा बदलावी.

खरखर कमी करणारी संगणकीय योजना उपयोगी असली, तरी ती कधीकधी बोलण्यातील नाजूक व्यंजनेही पुसून टाकते. म्हणून तिचा आधार शेवटी घ्यावा.

एवढे करूनही औषधाचे प्रमाण, पैशाचा आकडा किंवा गाडीची वेळ ऐकावयाची असेल, तेव्हा ऐकलेले पुन्हा उच्चारून दाखवावे आणि आकडा लिहून मागवावा. यंत्र निर्दोष करता आले नाही, तरी आपला व्यवहार निर्दोष ठेवता येतो.