सह्याद्रीवरील एका खटल्याचे साक्षीदार



कर्जतकडे जाणाऱ्या गाडीनें बदलापूर मागें टाकलें, म्हणजे उजव्या हातास प्रथम चंदेरीचा सुळका आणि पुढें माथेरानची लांबट पाठ दिसूं लागते. पावसाळा सरल्यावर या डोंगरांकडे नीट पाहिलें, तर त्यांच्या अंगावर एकावर एक आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. असा प्रत्येक पट्टा म्हणजे एके काळीं वाहत आलेल्या शिलारसाचा थर होय. या पायऱ्यांवरूनच युरोपांतील भूशास्त्रज्ञांनीं स्वीडिश भाषेंतील पायरीवाचक शब्द घेऊन अशा खडकाला ‘ट्रॅप’ हें नांव दिलें. पुढें थरांचे गट पाडले, तेव्हां त्यांना नांवें आपल्याच गांवांचीं पडलीं. खालून जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा अशी चढण चढत तीं पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर येथवर जातात. आमच्या वांगणीहून नेरळ हें दुसरें स्टेशन. तें भूशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसलें आहे, याची कल्पना माथेरानला जाणाऱ्या किती प्रवाशांना असेल?

आज हे थर सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहेत आणि सह्याद्रींत त्यांची जाडी दोन किलोमीटरांच्याही वर जाते. हा शिलारस सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं, बहुतांशीं दहा लक्ष वर्षांच्या अवधींत, बाहेर पडला. नेमक्या याच सुमारास पृथ्वीवरील जीवांच्या सुमारें तीन चतुर्थांश जाती नामशेष झाल्या; डायनोसॉर त्यांतच गेले. आणि याच सुमारास मेक्सिकोंत चिक्सुलूब येथें एक प्रचंड अशनि कोसळला. म्हणजे खून एक आणि आरोपी दोन! १९८० सालीं लुई व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनीं आपल्या सहकाऱ्यांसह अशनीवर आरोप ठेवला. तेव्हांपासून खटला चालू आहे. आणि दुसरा आरोपी आपला सह्याद्रि असल्यामुळें आपण त्यांत लक्ष घालणें योग्यच होय.

या खटल्यांतले साक्षीदार कोण? ते आहेत समस्थानिक अणु. एकाच मूलद्रव्याचे, रासायनिक स्वभावानें सारखे, परंतु वजनानें निराळे असे हे भाऊ. १९१३ सालीं फ्रेडरिक सॉडी यांनीं त्यांना हें नांव दिलें. माझ्या वर्गांत मी हमालांचा दृष्टांत देत असें. दोन हमाल एकाच कामाचे. पण एकाच्या डोक्यावर ओझें थोडें जड. रोजच्या चालीत फरक दिसावयाचा नाहीं. मात्र चढ लागला कीं जड ओझ्याचा किंचित् मागें राहतो. निसर्गांतही वाफ होतांना, शिंपला घडतांना असा किंचित् फरक पडतो, आणि तो उष्णतेवर अवलंबून असतो. १९४७ सालीं हॅरॉल्ड यूरी यांनीं दाखवून दिलें कीं, शिंपल्यांतील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून प्राचीन समुद्राचें उष्णमान काढतां येईल.

या पद्धतींत एक अडचण राहिली. शिंपला ज्या पाण्यांत घडला, त्या पाण्यांतच जड प्राणवायु किती होता हें ठाऊक नसेल, तर हिशेब अडतो. या अडचणींतून वाट काढणारी युक्ति मला फार सुंदर वाटते. शिंपल्यांत जड कर्ब आणि जड प्राणवायु हे दोन दुर्मिळ भाऊ कित्येकदां एकमेकांच्या शेजारीं जोडीनें बसलेले सांपडतात. केवळ योगायोगानें जितक्या जोड्या जुळाव्यात, त्यांहून अधिक जोड्या थंडींत जुळतात; उष्णता वाढली कीं हा अधिकपणा कमी होतो. जोड्या मोजल्या कीं उष्णमान कळलें. पाण्याचा इतिहास विचारण्याचें कारण उरलें नाहीं. या उष्णतामापकाचा २००६ सालचा मूळ निबंध ज्यांनीं सहकाऱ्यांसह लिहिला, त्यांत प्रथम नांव प्रसेनजित घोष यांचें आहे. ते पुढें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अध्यापन करूं लागले.

ही युक्ति दक्षिण ध्रुवाकडील सेमूर बेटावरच्या शिंपल्यांना लावून सिएरा पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. दख्खनचे उद्रेक सुरू झाले त्या सुमारास तेथील समुद्र सुमारें ७.८ अंशांनीं तापला होता. मोजणींतील अनिश्चितता सव्वातीन अंशांची आहे. ती धरूनही वाढ थोडीथोडकी नव्हे. माथेरानच्या डोंगरांतून निघालेल्या वायूनें दक्षिण ध्रुवाजवळच्या शिंपल्याला घाम फुटावा, ही गोष्ट कोणा कवीला सुचली नसती.

पण ही ऊब खरोखर आपल्याच डोंगरांची कशावरून? येथें ऑस्मियम हा अगदीं अपरिचित धातु पुढें येतो. त्याचा १८७ वजनाचा भाऊ ऱ्हेनियमच्या क्षयांतून सावकाश जन्मतो, आणि तो जुन्या खंडांच्या खडकांत पुष्कळ, तर पृथ्वीच्या पोटांतील द्रव्यांत व अशनींत थोडा असतो. म्हणून ताजा शिलारस झिजून समुद्रास मिळूं लागला, कीं समुद्रतळाच्या गाळांत त्याचें प्रमाण उतरतें. ग्रेग रॅविझा व बर्नहार्ड पॉइकर-एरेनब्रिंक यांना २००३ सालीं हा उतार आढळला. तो सामूहिक मृत्यूच्या थरापूर्वींच सुरू होतो, आणि त्या थरापाशीं अशनीमुळें प्रमाण एकदम कोसळतें. दोन्ही आरोपी घटनास्थळीं आले. मात्र आपला आधीं आला होता.

पाऱ्याची साक्षही तशीच आहे. ज्वालामुखी पाऱ्याची वाफ हवेंत सोडतात आणि ती जगभर पसरते. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अमेरिकेंतील अलाबामा येथील जुन्या शिंपल्यांत पारा वाढलेला आणि त्याच शिंपल्यांत जोडीच्या मोजणीनें ऊबही वाढलेली आढळली. कांहीं शिंपल्यांतील पारा तर आजच्या कारखान्यानें दूषित केलेल्या नदीच्या शिंपल्यांइतका होता!

एवढ्यानें सह्याद्रि दोषी ठरतो काय? नाहीं. ऊब आणणें निराळें आणि जीव घेणें निराळें. समुद्र आम्ल होऊन कवचधारी जीव मेले, असें मानलें तर ती आम्लता केव्हां आली, हा प्रश्न कळीचा ठरतो. बोरॉनचे १० व ११ वजनाचे दोन भाऊ हेंच सांगतात. पाण्याची आम्लता बदलली कीं कवचांतील त्यांचें प्रमाण बदलतें. मायकेल हेनेहन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१९ सालीं नेदरलंड्समधील एका गुहेच्या गाळांतील सूक्ष्म कवचें तपासलीं. अशनीच्या आघातापूर्वीच्या अखेरच्या टप्प्यांत पाणी स्थिर होतें. आघातानंतर हजार वर्षांच्या आंत पीएच सुमारें पाव अंकानें उतरला. उलट त्याच वर्षीं कॅल्शियमच्या समस्थानिकांवरून दुसऱ्या एका मंडळीनें असें मांडलें कीं, समुद्राची प्रकृति आघातापूर्वींच, दख्खनच्या वायूंमुळें, बिघडूं लागली होती. साक्षी परस्परांविरुद्ध गेल्या. मला बोरॉनचें वजन अधिक वाटतें, कारण त्याचा आम्लतेशीं संबंध थेट आहे. कॅल्शियमचें प्रमाण कवच किती वेगानें घडलें यावरही हलतें.

आमचे कांहीं स्नेही विचारतात, सहा कोटी वर्षांच्या भांडणाचें आज काय? आज इतकेंच कीं, कारखानदारी सुरू झाल्यापासून समुद्राचा पीएच एक दशांश अंकानें आधींच उतरला आहे, आणि त्या पाव अंकाशीं त्याची तुलना करून पाहतां येते.

खटल्याची मुख्य अडचण आतां घड्याळाची आहे. २०१९ सालच्या फेब्रुवारींत एकाच नियतकालिकांत दोन कालगणना प्रसिद्ध झाल्या. एकीप्रमाणें आघाताच्या अगदीं आधीं मोठा उद्रेक झाला. दुसरीप्रमाणें तीन चतुर्थांश शिलारस आघातानंतर वाहिला. पहिली ज्या जिर्कॉनच्या कणांवर उभी आहे, ते दोन काळ्या थरांमधील लाल मातीच्या अरुंद पट्ट्यांतून निघाले. दोन उद्रेकांमधील विसाव्याच्या काळांत ही माती तयार झाली. घाटांतील रस्त्याच्या कापणींत, खडीच्या खाणींत अशी विटकरी रेघ कित्येकांनीं पाहिली असेल. खाणवाल्यांना त्या मऊ मातीचा उपयोग नाहीं. ती बाजूला लोटली जाते आणि तिच्या वरचा व खालचा दगड रस्त्यांखालीं जातो. एखाद्या खाणींत असा पट्टा अखंड उघडा पडला, तर तेथील शाळामास्तरांनीं किंवा कॉलेजच्या मुलांनीं त्याचें छायाचित्र आणि जागा जवळच्या भूशास्त्र विभागाकडे तरी अवश्य कळवावी.