खोलींतील बोरघाट



पिंपरी, चिंचवड, आकुर्डी हीं स्टेशनें ज्या लोहमार्गावर आहेत, तो खंडाळा ते पुणें हा भाग १८५८ सालीं सुरू झाला. पुढें १८६३ सालीं बोरघाट खुला झाला आणि मुंबई व पुणें एका सलग रुळानें जोडलीं गेलीं. या मार्गाच्या आसपास कारखाने उभे राहिले, ते चाकणपर्यंत पसरले, आणि लेथ व मायक्रोमीटर ज्यांच्या हातीं खेळतात अशा माणसांचीं कुटुंबें येथें वसलीं. अशा एखाद्या गृहस्थाला आपल्या घरीं आगगाडीची मोठी प्रतिकृति उभारावीशी वाटली, तर त्यांत नवल नाहीं. परंतु ही हौस बहुधा अडते ती कौशल्यापाशीं नव्हे, तर खोलीच्या भिंतीपाशीं.

थोडा हिशेब करून पाहावा. या छंदांत सर्वांत अधिक रूढ असलेलें प्रमाण १:८७ हें होय. त्या मानानें एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. प्रवासी डबा सुमारें २५ सेंटिमीटरांचा होतो, आणि २४ डब्यांची गाडी सहा मीटरांवर जाते. आपल्याकडील रुंद मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरांहून कमी ठेवीत नाहींत. तेंच वळण या प्रमाणांत पूर्ण वर्तुळाकार आंखलें, तर त्याचा व्यास चार मीटर भरतो. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोलींत तें मावणारच नाहीं. म्हणजे प्रतिकृति करणें हें केवळ मोठ्याचें लहान करणें नव्हे. काय वगळावें आणि काय राखावें, याचा तो निवाडा आहे.

नवशिका येथेंच चुकतो. त्याला पूल हवा असतो, बोगदा हवा असतो, तीन स्टेशनें हवीं असतात. तो सर्व कांहीं एका फळीवर कोंबतो. गाडी गरगर फिरते आणि महिन्याभरांत फळीवर धूळ सांचते. कारण ती गाडी कोठें जात नसते. पुण्यांत कोथरूड येथें भालचंद्र जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं खुलें झालें. तेथें रुळांभोंवतीं रस्ते, सर्कस, पोहण्याचा तलाव आणि दिव्यांनीं उजळणारी रात्र असें सबंध गांव वसविलें आहे. गांव असलें म्हणजे गाडीला येण्याजाण्याचें प्रयोजन मिळतें. त्यापूर्वीं जोशी यांनीं हलवितां येईल अशी मांडणी करून ती प्रदर्शनांत दाखविली होती. ज्याला घर बदलावें लागण्याचा संभव आहे, त्यानेंही सुट्या फळ्या बोल्टांनीं जोडून आरंभ करावा हें बरें.

परंतु ज्याच्यापाशीं एकच खोली आहे, त्यानें काय करावें? त्याचें उत्तर बोरघाटांतच आहे. तेथें मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यापुढेंही हीच अडचण होती. चढ कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र होता आणि डोंगरकडेला वळण घेण्यास जागा नव्हती. म्हणून गाडी उलटविण्याचें स्टेशन काढण्यांत आलें. गाडी कड्याच्या टोकाशीं येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास लागे, आणि ती उलट दिशेनें वर चढूं लागे. १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर तें स्टेशन उपयोगांतून गेलें.

तीच युक्ति खोलींत चालते. भिंतीलगत अरुंद फळ्या लावाव्या. त्यांची रुंदी पाऊण मीटरांहून अधिक नसावी, नाहींतर गाडी घसरली असतां हात पोंचत नाहीं. साडेसात सेंटिमीटर उंची गांठण्यास घाटाच्याच चढानें पावणेतीन मीटरांहून थोडा अधिक रूळ लागतो. कोपऱ्यांत सव्वा मीटराचा आंधळा फांटा ठेवावा. त्यांत इंजिन व चार डबे मावतात. फांट्याच्या टोकाचा रूळ विजेपासून अलग करतां येईल असा असावा. म्हणजे आलेलें इंजिन तेथें स्वस्थ उभें राहतें आणि दुसरें इंजिन गाडी वर नेतें. यांत आणखी एक लाभ आहे. वीज दोन रुळांतून येते व जाते. गाडी वळसा घालून त्याच रुळावर परत आणली, तर डावा रूळ उजव्यास भिडून वीज तुटते आणि त्यासाठीं निराळी जोडणी करावी लागते. उलटविण्याच्या स्टेशनांत तो प्रश्नच उद्भवत नाहीं. जागेच्या टंचाईनें काढलेली वाट अशी दोनदां उपकारक ठरते.

सर्व झाल्यावर माणसें मांडावयाचीं असतात. या प्रमाणांत पुरुषभर उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरांचा होतो. फलाटावर हमाल, मास्तर, उतारू सगळेच ठेवतात. घाट बांधतांना मात्र हजारों मजूर रोगांनीं व अपघातांनीं मेले. स्वतः बर्कलीही १८६२ सालींच वारले; घाट खुला झालेला त्यांना पाहतां आला नाहीं. काय राखावें याचा निवाडा करणाऱ्यानें कड्याच्या उतारावर पहारी घेतलेलीं दहाबारा माणसें अवश्य उभीं करावीं. घरांतील मूल एक दिवस विचारील, "हीं माणसें येथें काय करीत आहेत?" त्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें, तर भिंतीलगतच्या त्या फळ्यांनीं खोलीची अडवलेली जागा सार्थकीं लागली असें समजावें.