यंत्राआधीं जागा

टेलिफोनच्या व इंटरनेटच्या यंत्रांसाठीं हल्लीं प्रत्येक मोठ्या इमारतींत एखादा कोपरा मागितला जातो. गृहसंस्थेची समिति बहुधा जिन्याखालची अडगळ, नाहीं तर पंपाशेजारची तळघरांतील खोली दाखवून मोकळी होते. कारण ती जागा इतर कोणालाच नको असते. कारागीर येतो, भिंतीवर कपाट टांगतो, केबली ओढतो, हिरवे दिवे लुकलुकूं लागतात आणि काम झालें असें सर्वांना वाटतें. परंतु जागा म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. त्या भिंतींत शिरणाऱ्या वाटा कोणत्या आणि त्या वाटांनीं काय येऊं शकेल, हें आधीं पाहिलें पाहिजे.

न्यूयॉर्क शहराला ही गोष्ट फार महागांत समजली. २७ फेब्रुवारी १९७५ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर मॅनहॅटनमधील सेकंड ॲव्हेन्यूवरच्या टेलिफोन-केंद्राच्या तळघरांत आग लागली. जमिनीखालून येणाऱ्या असंख्य केबली त्या तळघरांत एकत्र होऊन वरच्या मजल्यांकडे जात. इमारत भक्कम होती. पण केबलींसाठीं ठेवलेल्या भोंकांतूनच ज्वाळा वर चढल्या. सुमारें १,७०,००० टेलिफोन मुके झाले. घरांत कोणाला झटका यावा, डॉक्टरांना बोलावण्यासाठीं टेलिफोन उचलावा आणि त्यांतून कांहींच ऐकूं येऊं नये, अशा अवस्थेंत एक मोठी वस्ती सुमारें तीन आठवडे राहिली. केबलींवरचें पीव्हीसीचें वेष्टण जळतांना विषारी धूर निघतो. त्या रात्रीं त्या धुरांत झुंजलेल्या अनेक जवानांना पुढें वर्षानुवर्षें आजार भोगावे लागले.

म्हणून भिंतींतलें वा छतांतलें प्रत्येक भोंक आगीस दाद न देणाऱ्या मसाल्यानें बुजविलें पाहिजे. आणि नवी केबल ओढली कीं तें पुन्हां बुजविलें पाहिजे. हें दुसरें बहुधा राहूनच जातें!

पाण्याची वाट आगीहून अधिक लबाड. त्याच शहरांत २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं सँडी वादळानें समुद्र रस्त्यांवर आणला. ब्रॉड स्ट्रीटवरील एका उंच इमारतींत जनरेटर पाण्यापासून सुरक्षित, अशा वरच्या मजल्यावर होता. पण त्यास तेल पुरविणारा पंप तळघरांत होता, आणि तो बुडाला. मग माणसांनीं डिझेलच्या बादल्या हातोहात सतरा मजले चढवून यंत्रें चालूं ठेविलीं. यंत्र उंचावर ठेवून त्याचें अन्न खालीं ठेवण्यांत काय हंशील? मुंबईकरांना तर हें निराळें सांगावयास नकोच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्रें गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलींत न्यावीं. तेंही बरें नव्हे. अशा यंत्रांत शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी शिफारस केली जाते. वैशाखांतल्या पत्र्याखालीं ती कोठून मिळणार? शिवाय शिशाच्या बॅटऱ्या भरतांना हायड्रोजन वायु सुटतो, आणि हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चारपर्यंत गेलें कीं एक ठिणगी पुरते. हा वायु हलका असल्यामुळें छताजवळच सांचतो. तेव्हां खालचीं भोंकें बुजविलीं तरी छतालगतचा झरोका उघडा हवा. पावसाचें पाणी मात्र त्यांतून आंत येतां कामा नये. वरच्या मजल्यावरील मोरीचा नळ त्या खोलीच्या माथ्यावरून जात नाहीं ना, हेंही पाहून घ्यावें.

विजेचीही एक वाट असते. फायबरच्या कांचेंतून वीज वाहत नाहीं, तरी पुष्कळ केबलींना पोलादी चिलखत असतें आणि तें आकाशांतली वीज थेट आंत आणूं शकतें. यास्तव तें चिलखत इमारतीच्या प्रवेशापाशींच अर्थिंगला जोडावयाचें. कपाटाचें अर्थिंगही इमारतीच्या अर्थिंगशीं जोडलेलें हवें, वेगळें नव्हे.

राहिली माणसांची वाट. दारास कुलूप असावें, एक किल्ली पहारेकऱ्याजवळ असावी. आणि झाडू, रंगाचे डबे व गणपतीच्या मखराचें सामान ठेवण्यास ही खोली कोणालाही मिळणार नाहीं, असा ठराव समितीनें यंत्र येण्यापूर्वींच लिहून ठेवावा.