आसन डळमळले, पाणी वाहिले

प्रधान असो वा सुभेदार, त्याचे आसन डळमळले की लोकांच्या सोयी खुंटतात, असा समज आहे. बुऱ्हाणपूरचा इतिहास निराळे सांगतो. दक्षिणेतील अपयशापायी १६१० मध्ये बादशहाने अब्दुर्रहीम खानखाना यास परत बोलावले. तो पुन्हा येथे आला आणि १६१५ च्या सुमारास, त्याच्याच कारकिर्दीत, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत कुंड्यांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आले. त्याचा प्रतिस्पर्धी मलिक अंबर, निजामशाहीचा पेशवा. १६१६ मध्ये मोगलांनी त्याची खडकी जाळली. परंतु त्याने खोदविलेली नहर पुढे औरंगाबादची तहान भागवीत राहिली.

त्याच काळात, १६१३ मध्ये, लंडनला ‘न्यू रिव्हर’ कालव्याचे पाणी पोहोचले. तेथे पैसे भरणाऱ्याच्याच घरी पाणी जाई; मात्र कालवा सांभाळण्यास कायमची कंपनी होती. १९०४ मध्ये ते काम सार्वजनिक मंडळाकडे गेले आणि लंडन ते पाणी आजही पिते. बुऱ्हाणपुरात आठ योजनांपैकी काही नामशेष झाल्या.

सोय उभारण्यास एक कर्तबगार पुरुष पुरतो. ती टिकविण्यास त्याच्या पश्चातही कुंडीतला गाळ उपसणारी व्यवस्था लागते. प्रधान किती दिवस टिकेल याची चर्चा आपण आवडीने करतो. गाळ कोण उपसणार, हे त्याआधी विचारावे.