टिकली का नाही वाजली?

हेडफोन लावलेत ना? मग आज जरा लहानपणात जाऊ.

दिवाळी. पत्र्याचं पिस्तूल. मधल्या मारुतीजवळून आणलेला लाल टिकल्यांचा रोल. चाप ओढला की 'फट्'. पण पाच-सहा टिकल्यांमागे एकदा नुसतंच 'खट्'. मग आमच्या गल्लीत तज्ज्ञांची बैठक बसायची. एक म्हणायचा, टिकली सर्दावलीय. दुसरा म्हणायचा, तुझ्या पिस्तुलाची स्प्रिंग ढिली झालीय बे. तिसरा पिस्तूल उघडून बघायचा आणि म्हणायचा, टिकली जागेवर बसलीच नव्हती.

पुढे बी.टेक. झालं, नोकरी लागली, रोज सॉफ्टवेअरमधले बग शोधतोय. पण खरं सांगू? त्या तीन पोरांपेक्षा चांगलं डिबगिंग मी आजवर पाहिलेलं नाही. हे मला कळलं ते ह्यूस्टनला, मामांच्या गॅरेजमध्ये. आणि कळायच्या आधी मी एक चूक केली. तीच आज सांगणार आहे.

आमचे मामा मूळचे सोलापूरचे, आता अमेरिकन नागरिक. छंद पिस्तूल नेमबाजीचा. पिस्तूल ९ मिलिमीटरचं. गोळ्या मात्र ते विकत आणत नाहीत, स्वतः भरतात. म्हणजे झाडलेल्या गोळीची पितळी केस गोळा करायची, साफ करायची, नवा प्रायमर, नवी पावडर, नवी बुलेट बसवायची. तिकडे हा सर्रास चालणारा, कायदेशीर छंद आहे.

आपल्याकडे नाही हं! इथे शस्त्र कायदा, १९५९ आहे. त्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. आणि 'दारूगोळा' या शब्दात त्याचे सुटे भागसुद्धा येतात. त्यामुळे हा एपिसोड ऐकून कुणी काही करायला जाऊ नका. मी स्वतः तिथेही काही केलं नाही. मी कंपनीच्या कामासाठी व्हिसावर गेलो होतो, आणि व्हिसावरच्या माणसाला तिकडच्या कायद्यात बंदूकही चालत नाही, गोळीही चालत नाही. काही अपवाद आहेत, हंटिंग लायसन्सवाल्यांसाठी वगैरे, मी त्यात बसत नव्हतो. म्हणून मी फक्त बघ्या. खुर्ची टाकून बसायचं, शेंगाचटणी-भाकरी खायची आणि बडबड करायची.

आता प्रायमर म्हणजे काय? तीच आपली टिकली! कोकणात अजून 'ठासणीची बंदूक' म्हणतात ना, तिच्यावर 'टोपी' बसवतात, तिचाच हा धाकटा भाऊ. गोळीच्या बुडाशी मधोमध एक छोटी धातूची वाटी असते. पिस्तुलाचा छोटा प्रायमर जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद. वाटीत ठोका बसला की पेटणारा मसाला, आणि मसाल्यावर तीन किंवा दोन पायांची बारीक ऐरण. फायरिंग पिन वाटीवर आपटते, मसाला वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडतो, ठिणगी आत जाते, पावडर पेटते. लोहाराच्या ऐरणीचंच तत्त्व. हातोडा कितीही भारी असू दे, खाली ऐरण पक्की नसेल तर ठोका वाया जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत बघा, ही ऐरण कुठे ठेवायची यावर १८६६ साली दोन पेटंट निघाली. अमेरिकेच्या बर्डननं ऐरण केसमध्ये ठेवली, इंग्रज बॉक्सरनं प्रायमरमध्ये. आणि झालं उलटंच. अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुजली, युरोपात बर्डनची. हातानं गोळ्या भरणाऱ्यांना बॉक्सरचीच पाहिजे, कारण तिच्या केसला मधोमध एकच भोक असतं. त्यातून सळई घालून जुना प्रायमर पटकन बाहेर ढकलता येतो.

मामांच्या कपाटात प्रायमरचे चार-पाच प्रकारचे बॉक्स होते. मी विचारलं, "मामा, यातला सगळ्यात भारी कुठला?"

मामा म्हणाले, "भारी-बिरी काही नसतं रे. जोडी जमली पाहिजे. लग्नासारखं आहे."

मग त्यांनी समजावलं. पहिलं, माप. छोटा की मोठा, हे केसच ठरवते. दुसरं, पिस्तुलाचा की रायफलचा. छोट्या मापात दोघांचा आकार सारखाच असतो, पण रायफलची पिन जोरात आपटते, म्हणून तिच्या प्रायमरची वाटी कडक असते. तो पिस्तुलात घातला तर हलक्या ठोक्याला तो दाद देईलच असं नाही. तिसरं, साधा की मॅग्नम. मॅग्नमची ज्योत मोठी. काही पावडरी पेटायला हट्टी असतात, थंडीत जास्तच, त्यांच्यासाठी तो. पण "जास्त आग, जास्त खात्री" असं समजून साध्याच्या जागी मॅग्नम बसवला तर आतला दाब वाढतो. प्रायमर बदलला की मॅन्युअल उघडून खालच्या मापापासून परत सुरुवात, नाहीतर नाही.

आणि चौथं, पिस्तुलाचा स्वभाव. स्पर्धेवाले ट्रिगर हलका करायला आतली स्प्रिंग मऊ करतात. मग ठोकाही मऊ होतो. म्हणून अशी मंडळी फेडरलचे प्रायमर शोधतात, कारण त्याची वाटी मऊ म्हणून प्रसिद्ध आहे. सीसीआयचा कडक म्हणून ओळखला जातो. यात चांगला-वाईट कुणीच नाही. मूळ स्प्रिंग शाबूत असलेल्या पिस्तुलात दोन्ही वाजतात.

हे सगळं चाललं होतं शुक्रवारी रात्री, मामा गोळ्या भरत असताना. त्यांचा शिरस्ता असा: एका हातातल्या लिव्हरच्या यंत्रानं प्रायमर बसवायचे, केस लाकडी फळीतल्या खळग्यांत उभ्या करायच्या, प्रत्येकीत पावडर घालायची, मग टॉर्च मारून सगळ्या केसांत डोकावायचं, आणि मगच बुलेट. मी मात्र मध्ये मध्ये चालूच. गड्ड्याची जत्रा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, कोण कुणाच्या लग्नात काय बोललं. मामा हसत होते, हात चालू होते.

शनिवारी सकाळी रेंजवर गेलो. ऊन आपल्या एप्रिलसारखं. मी लाइनच्या मागे, कानाला मफ्स लावून उभा. आठ-दहा गोळ्या मस्त गेल्या. मग 'खट्'.

मी मागून ओरडलो, "मामा, परत दाबा ना!"

मामांनी वळूनही पाहिलं नाही. पिस्तूल टार्गेटकडे तसंच धरून ठेवलं. पूर्ण तीस सेकंद. नंतर गोळी बाहेर काढून बाजूला ठेवली. कधी कधी आतला मसाला धुमसत राहतो आणि उशिरा पेटतो, त्याला हँगफायर म्हणतात. तेवढ्यात कुणी घाईनं पिस्तूल उघडलं तर गोळी हातात फुटते.

अजून दोन 'खट्' झाले. दर वेळी तीस सेकंद. मी मोबाईल काढून सर्च करत बसलो आणि निकालही दिला. "मामा, हा प्रायमरच बेकार आहे. कंपनी बदला."

मग एक वेगळाच आवाज आला. 'ठो' नाही, 'खट्' पण नाही. 'पुस्स'. फुसका बार.

मी म्हणालो, "चला, हा तरी वाजला. पुढचा घ्या."

मामांनी पिस्तूल खाली केलं, रिकामं केलं, उघडलं आणि नळीत सळई घातली. सळई मध्येच अडली. नळीत बुलेट अडकली होती. त्या केसमध्ये पावडरच नव्हती. एकट्या प्रायमरच्या जोरावर बुलेट केसमधून निघाली आणि नळीत रुतली. माझं ऐकून त्यांनी स्लाइड ओढून पुढची गोळी झाडली असती, तर ती आतल्या बुलेटवर जाऊन आदळली असती. नळी फुगते, फाटते. आणि हात नळीच्या मागेच असतो.

मामा काही बोलले नाहीत. सामान आवरलं, गाडीत ठेवलं. घरी येईपर्यंत मीही गप्प.

संध्याकाळी त्यांनी न वाजलेल्या तीन गोळ्या टेबलावर मांडल्या. मला म्हणाले, "हात लावू नको, नुसतं बघ. पिनची खूण कशी आहे?" खूण उथळ होती. मामा म्हणाले, खूण नीट खोल असती आणि तरी वाजली नसती, तर संशय प्रायमरवर. उथळ असेल तर तीन कारणं. वाटी या पिनसाठी फार कडक, किंवा स्प्रिंग मऊ, किंवा प्रायमर खळग्याच्या तळाला टेकलेलाच नाही. टेकला नसेल तर पिनचा जोर प्रायमरला आत ढकलण्यातच जातो, ऐरणीवर ठोका बसतच नाही. अशी गोळी बऱ्याचदा दुसऱ्या ठोक्याला वाजते, कारण पहिल्यानं ती बसवलेली असते.

सर्दावलेली टिकली, ढिली स्प्रिंग, जागेवर न बसलेली टिकली. आमच्या गल्लीतली तीच बैठक, मंडळी!

मामांनी उरलेल्या गोळ्यांच्या बुडावरून एक-एक करत बोट फिरवलं. प्रायमर केसच्या बुडापेक्षा किंचित आत लागायला पाहिजे. चार-पाच गोळ्यांचे बोटाला वर लागत होते. प्रायमर त्याच बॉक्समधले, स्प्रिंग मूळचीच. दोष हाताचा. काल रात्री लिव्हर शेवटपर्यंत दाबला गेला नव्हता, आणि एका फळीवर टॉर्च मारायचा राहिला होता.

का राहिला? कारण मी जत्रेची गोष्ट रंगवून सांगत होतो.

मामांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. म्हणाले, "चूक माझीच. भरताना मी कुणाशी बोलत नसतो. काल बोललो." मला ते जास्त लागलं. त्यांनी ती आख्खी बॅच मोडून टाकली, चांगल्या गोळ्यांसकट.

मंडळी, प्रायमर निवडायचा तर असा: माप बघा, पिनचा जोर बघा, पावडर बघा, मॅन्युअल काय म्हणतं ते बघा, आणि एका प्रकारावर टिकून राहा, म्हणजे बिघडलं तर कशानं ते कळेल. पण हे सगळं तो नीट बसवल्यावर. मामा खळग्यातली काजळी खरवडून काढतात, बोटाला तेल लागू देत नाहीत, प्रायमर कधी बरणीत ओतून ठेवत नाहीत. मूळ खोक्यात ते एकमेकांपासून वेगळे असतात. बरणीत एक वाजला तर सगळे वाजतील. आणि काम झालं की साबणानं हात धुतात, कारण मसाल्यात शिसं असतं.

आपल्या राज्यात हेच काम कारखान्यात होतं. पुण्याजवळ खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ पासून आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावची. दोन्ही आता म्युनिशन्स इंडियाखाली. जुन्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं दिसली तर ती किरकी, म्हणजे खडकीची. नाशिक-पुण्याला जाताना आपण त्या वाटेनं किती वेळा गेलो असू! आतली माणसं काय सांभाळत असतात, हे त्या शनिवारनंतर मला थोडं कळतंय.

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी माझ्या बॅगेचे सगळे कप्पे उलटे करायला लावले. एखादी रिकामी केस आठवण म्हणून ठेवली असशील तर काढ, म्हणाले. बॅगेत जिवंत काडतूस सापडलं तर विमानतळावर थेट गुन्हा दाखल होतो, आणि ते चुकून राहिलं होतं हे सिद्ध करता करता कोर्टाच्या चकरा सुरू. ठेवली होती एक. मुकाट्यानं काढून दिली.

आता ऑफिसात काही बंद पडलं आणि कुणी म्हणालं, "हे टूलच बेकार आहे, बदलून टाकू," की मी आधी विचारतो, नीट बसवलंय का? लोक हसतात. हसू देत.

परवा मामांचा मेसेज आला. "आज शंभर भरल्या. शंभरच्या शंभर वाजल्या." खाली अजून एक ओळ. "गॅरेज फार शांत आहे. डिसेंबरमध्ये ये. पण बोलायचं ते जेवताना."

चला, भेटू पुढच्या एपिसोडला.