लहान मोटरचे संरक्षण आणि एमसीबीची निवड

विद्युत मोटर सुरू होताना काही क्षण तिच्या पूर्णभार प्रवाहाच्या, म्हणजे नामपट्टीवर नोंदलेल्या अँपिअरच्या, साधारण सहापट प्रवाह खेचते; म्हणून एमसीबी निवडताना चालू मोटरइतकाच तिच्या आरंभाचाही विचार करावा लागतो. भारतात लागू असलेल्या आयएस/आयईसी 60898 या मानकानुसार ‘सी’ वर्गाचा एमसीबी आपल्या क्षमतेच्या 5 ते 10 पट, तर ‘डी’ वर्गाचा 10 ते 20 पट प्रवाहाला तत्काळ ट्रिप होतो.

शेतपंपाची 3 अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर सुमारे 5 अँपिअर घेते आणि थेट स्टार्टरवर सुरू होताना 30 अँपिअरपर्यंत जाते. ‘सी’ वर्गाचा 6 अँपिअरचा एमसीबी नेमका 30 अँपिअरपासूनच तत्काळ ट्रिप होऊ शकत असल्याने निर्दोष मोटरही सुरू होताना बंद पडते. 10 अँपिअरच्या एमसीबीत ही मर्यादा 50 अँपिअरपासून सुरू होते.

मात्र हा एमसीबी मुख्यतः शॉर्टसर्किटपासून रक्षण करतो. एक फेज गेल्यास उरलेल्या दोन फेजमधील प्रवाह साडेआठ अँपिअरच्या आसपास पोहोचून वाइंडिंग जळू लागते, तरी 10 अँपिअरचा एमसीबी स्वस्थच राहतो. म्हणून स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले, म्हणजे अतिभार ओळखून मोटर थांबवणारे साधन, नामपट्टीवरील अँपिअरवरच लावावा, तारेची जाडी एमसीबीला साजेशी असावी आणि हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.